सर्वांत वरच्या बाकावरून



या वेळचं संपादकीय रोमच्या खेळांवर लिहिते आहे असं मी बैठकीत सांगितलं, तेव्हा पहिली प्रतिक्रिया आली ती आमच्या खजिनदार ताईंची. “पोटगीच्या केसेस तुंबल्यात, निवारागृहाचं अनुदान अडकलंय, आणि तुला रोम सुचतंय?” त्यांचं काही चुकलं नाही. पण या विषयाला मी आपणहून हात घातलेला नाही. तो आमच्या किशोरी गटातल्या मुलींनी माझ्या गळ्यात मारला.

झालं असं, की शिबिराच्या दुसऱ्या रात्री, आम्ही ताया झोपल्या असं समजून, मुलींनी मोबाइलवर ग्लॅडिएटरचा सिनेमा पाहिला. २००० सालचा तो जुना; त्याचा दुसरा भाग २०२४ मध्ये आला. सकाळी चहाच्या वेळी प्रश्न आला, “ताई, खऱ्या रोममध्ये बायका लढायच्या का?” एकीनं तर उत्तरही शोधून ठेवलं होतं. मोबाइलवर एका जुन्या शिल्पाचं चित्र होतं. दोन बायका, हातात ढाली, समोरासमोर उभ्या. मुलींना त्याचं पोस्टर करून ८ मार्चच्या कार्यक्रमात लावायचं होतं. वर मोठ्या अक्षरांत ‘रणरागिणी’.

मी ‘बघू’ म्हटलं. मी समाजकार्य शिकले, इतिहास नव्हे. पण पोस्टरवर आपल्या गटाचं नाव जाणार, तर त्या दोघी कोण हे माहीत हवं, म्हणून वाचायला घेतलं आणि मग ते सुटेना. जे हाती लागलं ते मुलींना सांगितलं. तेच आता तुम्हांला सांगते.

सुरुवात रोमन लोक स्वतःच जिथून करत तिथूनच करू. लिव्ही नावाच्या इतिहासकारानं रोमच्या स्थापनेची दंतकथा लिहून ठेवली आहे. नवं शहर वसलं, पण त्यात पुरुषच पुरुष. आसपासच्या गावांत मागण्या घातल्या, तर या उपऱ्यांना कोणी मुली देईना. तेव्हा रोम्युलस राजानं देवाच्या नावानं मोठे खेळ जाहीर केले आणि शेजारच्या सॅबाइन लोकांना बायकामुलांसकट आमंत्रण धाडलं. पाहुणे आले, नवं शहर बघून खूश झाले. खेळ ऐन रंगात आले, सगळ्यांचे डोळे तिकडे लागले, तेवढ्यात ठरलेली खूण झाली आणि रोमच्या तरुणांनी पाहुण्यांच्या मुली उचलून नेल्या.

मला त्याहून बोचला तो पुढचा भाग. लिव्ही सांगतो, की रोम्युलस त्या मुलींची एकेकीला भेटून समजूत घालतो. झाल्या प्रकाराला तुमच्या बापांचा ताठा कारणीभूत आहे, त्यांनी सरळ मुली दिल्या असत्या तर ही वेळ आली नसती. आता राग सोडा, तुम्हांला रीतसर बायको म्हणून नांदवू, नवरे तुमच्यावर जास्तच माया करतील. शिवाय नवरेही येऊन सांगतात, की प्रेमापायीच घडलं हो सगळं. समुपदेशन केंद्रात टेबलाच्या अलीकडे बसून हे सगळं मी मराठीत ऐकलेलं आहे, फक्त बोलणाऱ्याच्या डोक्यावर मुकुट नव्हता. आणि कथेचा शेवट? माहेरचं सैन्य आणि सासरचं सैन्य समोरासमोर उभं ठाकतं, तेव्हा याच बायका मधे धावतात आणि समेट घडवतात. रोममध्ये त्यांचं त्यासाठी कौतुक झालं. तडजोड करणाऱ्या बाईचं कौतुक करायला कोणताच काळ कमी पडलेला नाही.

दंतकथा म्हणून सोडून द्यावी, तर रोमन लोकांनी ती तशी सोडली नाही. ओविद हा कवी इसवी सनाच्या अगदी सुरुवातीला होऊन गेला. प्रेम कसं जुळवावं यावर त्यानं एक पुस्तक लिहिलं. त्यात तो हीच गोष्ट चवीनं सांगतो आणि म्हणतो, की सैनिकांना असा मोबदला मिळणार असेल तर मीही भरती होतो. त्याच पुस्तकात रथांच्या शर्यतीला जाऊन काय करावं याचा पाठ आहे. दीड लाखांवर माणसं मावतील एवढं ते मैदान, तिथं बायका आणि पुरुष शेजारी शेजारी बसत. ओविद सांगतो, तिला चिकटून बस, जागाच अशी आखलेली असते की तिला सरकता येत नाही. तिच्या मांडीवर धूळ पडली तर बोटांनी झटक. धूळ पडलीच नसेल, तर नसलेली झटक. तिचा पायघोळ झगा जमिनीवर लोळत असेल तर उचलून धर, पाय दिसतील. मुलींना हे सांगितलं तेव्हा त्या हसल्या नाहीत. एक म्हणाली, “एस.टी.त अस्संच करतात.”

या सगळ्यावर राज्यकर्त्यांचा उपाय काय, तर बायकांनाच उचलून मागे बसवणं. ऑगस्टस बादशहानं प्रेक्षागृहातल्या बसण्याची शिस्त लावली. पहिली रांग सेनेटरांची, मग हुद्द्यानुसार बाकीचे. सैनिक वेगळे, विवाहित पुरुष वेगळे. ग्लॅडिएटरच्या झुंजी आधी बायका पुरुषांत मिसळून बघत, त्याऐवजी त्यांना सर्वांत वरच्या रांगा दिल्या. रथांच्या शर्यतीत मात्र एकत्रच बसणं चालू राहिलं. मल्लांच्या स्पर्धांना तर बायकांना पूर्ण बंदी झाली. एकदा लोकांनी मुष्टियोद्ध्यांची एक जोडी मागितली, तर त्यानं ती कुस्ती दुसऱ्या दिवशी सकाळवर ढकलली आणि दवंडी दिली, की पाचव्या तासाच्या आधी बायकांनी प्रेक्षागृहात पाऊल ठेवू नये. अपवाद फक्त वेस्टा देवीच्या सहा ब्रह्मचारिणींचा. त्यांना खाली, मान्यवरांच्या समोर, मानाची जागा. कौमार्य राखलं तर पुढची रांग, नाहीतर वर चढा. पुढे इ. स. ८० मध्ये कोलोसियम उघडलं, त्याची भिंत सुमारे ४८ मीटर उंच. बायकांचे बाक तिथं वर, लाकडी, गोरगरिबांच्या बरोबर.

‘भाकरी आणि खेळ’ हा ज्युवेनाल या उपहासकाराचा शब्दप्रयोग आपण भाषणांत किती वेळा वापरतो! लोकांना पोटाला धान्य द्या आणि डोळ्यांना खेळ द्या, मग ते राज्यकारभाराबद्दल विचारत नाहीत, असा त्याचा अर्थ. पण या ‘लोकां’त बायका कुठं होत्या हे मी तरी कधी विचारलं नव्हतं. रोममधलं सरकारी धान्य ज्या यादीवर वाटलं जाई, ती यादी प्रौढ पुरुष नागरिकांची होती. ऑगस्टसच्या काळात दोन लाखांच्या आसपास नावं. बाईचं नाव त्या यादीवर नाही. भाकरी नवऱ्याच्या नावावर आणि खेळ सगळ्यांत वरच्या बाकावरून. (आपल्याकडे रेशनकार्डावर घरातली थोरली बाई कुटुंबप्रमुख म्हणून यावी, यासाठी २०१३ सालचा अन्नसुरक्षा कायदा यावा लागला. आपल्यापैकी किती जणींनी त्या कार्डावरचं नाव बदलून घेतलं, हा प्रश्न खजिनदार ताईंसाठी.)

आता मुलींचा मूळ प्रश्न. हो, बायका लढत होत्या. कोलोसियम उघडलं तेव्हा शंभर दिवस खेळ चालले, त्यांत हजारो जनावरं मारली गेली, आणि मारणाऱ्यांत बायकाही होत्या. हे लिहिणारा डिओ नावाचा इतिहासकार लगोलग खुलासा करतो, की त्या काही प्रतिष्ठित घरच्या नव्हत्या. डोमिशियन बादशहा रात्री मशालींच्या उजेडात झुंजी लावी, त्यांत बायका उतरवी. बुटक्या माणसांनाही उतरवी. या दोन्ही गोष्टी इतिहासकारांनी जवळजवळ एका दमात सांगितल्या आहेत. बघणाऱ्यांच्या लेखी त्यांची जात एकच होती, नवलाची. ओस्तिया गावात हॉस्टिलिआनस नावाच्या अधिकाऱ्याचा एक शिलालेख आहे. शहर वसल्यापासून बायकांना तलवारीच्या झुंजीला उतरवणारा पहिला माणूस मीच, असं त्यात अभिमानानं कोरलेलं आहे. नाव त्याचं आहे. उतरवलेल्या बायकांचं नाही.

या बायका स्वतःच्या मर्जीनं येत का, हा प्रश्न गटात सगळ्यात जास्त रंगला. ग्लॅडिएटर बहुतेक गुलाम, युद्धकैदी, शिक्षा झालेले गुन्हेगार. पण काही जण स्वतःहून करार करत. करार करताना शपथ घ्यावी लागे, की मला डागा, बांधा, फटके मारा, तलवारीनं मारून टाका, माझी हरकत नाही. त्या क्षणी माणूस कायद्याच्या भाषेत ‘इन्फामिस’ होई, म्हणजे पत गेलेला. त्याच यादीत नट, नट्या, वेश्या आणि त्यांचे दलाल. ज्याचं शरीर लोकांच्या करमणुकीसाठी भाड्यानं लागतं, त्याच्या शब्दाला किंमत नाही असा हा हिशेब. भाड्यानं लावणारा बदनाम, भाड्यानं घेऊन खेळ भरवणारा मात्र प्रतिष्ठित. त्याला पुढच्या निवडणुकीत मतं. मागणी करणाऱ्याला कलंक न लागण्याची ही तऱ्हा वेश्याव्यवसायातल्या बायकांबरोबर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना मी काय समजावून सांगणार!

प्रतिष्ठित घरांतल्या मुलीही रिंगणाकडे ओढल्या जात, हे आपल्याला कायद्यांवरून कळतं. इटलीत लारिनो इथं १९७८ मध्ये एक कांस्याचा पत्रा सापडला. त्यावर इ. स. १९ मधला सेनेटचा ठराव आहे. सेनेटरांच्या आणि त्यांच्या खालच्या सरदार वर्गाच्या मुली, नाती, पणत्या, तसेच मुलगे, नातू, यांनी रंगमंचावर वा रिंगणात उतरू नये. आधीच्या, इ. स. ११ च्या ठरावानं वीस वर्षांखालच्या स्वतंत्र घरच्या मुलींना बंदी होतीच. म्हणजे कोणीतरी जात होत्या. घरातून पळून, कर्ज फेडायला, की फक्त एकदा तरी सगळ्यांनी आपल्याकडे बघावं म्हणून? मला शेवटचं कारण अगदीच अशक्य वाटत नाही. ज्या समाजात बाईला वरच्या बाकावरून बघायला बसवलं आहे, तिथं खाली वाळूत उतरणं हा एक प्रकारचा बंडखोरपणा वाटू शकतो. आमच्या किशोरी गटातल्या निम्म्या मुलींना तो तसाच वाटला.

पण मग इ. स. २०० च्या सुमाराला सेप्टिमियस सेव्हेरस बादशहानं बायकांच्या झुंजी बंद केल्या, त्याचं कारण ऐका. बायका जखमी होतात, मरतात, म्हणून नव्हे. एका स्पर्धेत बायका इतक्या त्वेषानं लढल्या, की लोक थोरामोठ्यांच्या घरच्या बायकांवरही विनोद करू लागले. घरंदाज बायकांच्या अब्रूचा प्रश्न आला आणि बंदी आली. आपल्याकडे कुठल्याही बंदीचा अर्ज तपासताना हे कारण आधी शोधावं, बहुधा सापडतं.

लढणारीइतकीच लढणाऱ्याची बायको मला महत्त्वाची वाटते, पण तिच्यावर सिनेमा निघत नाही. इटलीतल्या मिलान शहरात अर्बिकस नावाच्या ग्लॅडिएटरचं थडगं आहे. तेरा वेळा लढला, बाविसाव्या वर्षी मेला. दगड बायकोनं बसवलेला, नाव लॉरिसिया. सात वर्षं संसार केला असं ती कोरून घेते. मागे ऑलिंपियास ही पाच महिन्यांची मुलगी. आणि शेवटी एक इशारा आहे, की ज्याला तू हरवशील त्याला मारून टाक. नवऱ्यानं कधीतरी कोणावर दया केली आणि त्याच माणसाच्या हातून तो मेला, असा याचा अर्थ लावतात. मी तो मजकूर वाचून बराच वेळ गप्प होते. सात वर्षं, म्हणजे तो पंधराचा असताना त्यांचा संसार सुरू झाला. प्रत्येक झुंजीच्या दिवशी ती कुठं बसत असेल? वरच्या बाकावर, की घरी? कडेवर पाच महिन्यांची पोर घेऊन तिनं जगाला दिलेला सल्ला दयेचा नाही. नवरे गेलेल्या बायकांचं काम करताना आपण त्यांच्याकडून नेहमी थोरपणाची अपेक्षा करतो. लॉरिसिया थोर नव्हती, तिचा माणूस गेला होता.

स्पार्टाकसचं नाव आपल्या चळवळीत सगळ्यांना ठाऊक आहे. इ. स. पू. ७३ मध्ये काप्युआच्या आखाड्यातून सत्तर-एक जण निसटले, दोन वर्षं रोमच्या सैन्याला त्यांनी दमवलं आणि शेवटी सहा हजार जणांना काप्युआ ते रोम रस्त्यावर क्रुसावर चढवलं गेलं. प्लुटार्क लिहितो, की त्याच्याबरोबर त्याच्याच टोळीतली एक बाई होती. तिच्या अंगात येई, ती भविष्य सांगे, आणि पळताना ती त्याच्या बरोबर होती. आखाड्याच्या भिंतीआड राहिलेली, बंडात सामील झालेली बाई. प्लुटार्क तिच्या टोळीचा उल्लेख करतो, तिच्या देवाचं नाव देतो. तिचं देत नाही.

रिंगणातली एक बाई मात्र स्वतः बोलली आहे. तिच्यापाशी मी जरा थांबणार आहे.

उत्तर आफ्रिकेतलं कार्थेज, इ. स. २०३. विबिया पर्पेतुआ, वय बाविशीच्या आसपास, चांगल्या घरची, शिकलेली, अंगावर पिणारं मूल. ख्रिस्ती झाली म्हणून अटक. तुरुंगात तिनं आपली हकिगत लिहिली, आणि ती शिल्लक राहिली आहे. लॅटिन भाषेत बाईच्या हातचं इतकं जुनं आणि इतकं सविस्तर लिखाण फार दुर्मीळ. त्यात काय आहे? कोठडीतला अंधार, उकाडा, गर्दी, शिपायांची दमदाटी. मूल भुकेनं व्याकूळ, म्हणून जीव कासावीस. पुढे मूल तिच्यापाशी ठेवायची परवानगी मिळते आणि तिला तो तुरुंगच महाल वाटू लागतो. म्हातारा बाप पुन्हा पुन्हा येतो. हातांचे मुके घेतो, पाया पडतो, मुलगी म्हणायचं सोडून ‘बाईसाहेब’ म्हणतो, माझ्या पांढऱ्या केसांची तरी कीव कर म्हणतो. सुनावणीच्या वेळी मूल घेऊन उभा राहतो, तर अधिकारी त्या म्हाताऱ्यालाच छडीनं मारायला लावतो. नंतर बाप मूल परत देत नाही. ती लिहिते, की मुलाला आता अंगावरच्या दुधाची गरज उरली नाही आणि आपली छातीही दुखली नाही. तुरुंगातल्या आया आणि त्यांची मुलं यांच्याबरोबर ज्यांनी काम केलं आहे, त्यांना या एका तपशिलावरून कळेल, की हे बाईनंच लिहिलेलं आहे. नवऱ्याचा उल्लेख तिच्या हकिगतीत कुठंही नाही.

तिच्याबरोबर फेलिसितास होती, गुलाम. आठ महिन्यांची गरोदर. गरोदर बाईला मृत्युदंड देऊ नये असा कायदा होता, म्हणजे बाळंत होईपर्यंत थांबायचं आणि मग मारायचं. खेळाच्या दोन दिवस आधी तुरुंगातच ती बाळंत झाली. कळा देताना ओरडली तेव्हा पहारेकरी म्हणाला, आत्ताच ओरडतेस, जनावरांपुढे टाकल्यावर काय करशील? मुलगी झाली. ती दुसऱ्या एका बाईनं वाढवली.

७ मार्च. बादशहाच्या धाकट्या मुलाच्या वाढदिवसाचे खेळ. या दोघींसाठी आयोजकांनी मुद्दाम एक खवळलेली गाय निवडली होती. बायका आहेत तर जनावरही मादी हवं, असा विनोद. दोघींना नागवं करून, जाळ्यात गुंडाळून रिंगणात आणलं. आणि इथं एक गोष्ट घडली. गर्दी चरकली. एक कोवळी पोर, आणि दुसरी नुकती बाळंतीण, जिच्या छातीतून दूध गळतं आहे, हे बघून लोकांना सहन होईना. तेव्हा दोघींना माघारी नेलं. कपडे घातले. आणि परत आणलं.

मी हे मुलींना वाचून दाखवलं तेव्हा “परत आणलं?” असं तिघीचौघी एकदम म्हणाल्या. हो. कपडे घातल्यावर गर्दीला चाललं.

माझ्या मते रोमच्या खेळांबद्दलचं सगळं काही त्या मधल्या काही मिनिटांत आहे. ती गर्दी राक्षसांची नव्हती. तिला शरम होती, कीव होती, दुधाचा अर्थ कळत होता. वरच्या बाकांवर बसलेल्या बायकांना तर नक्कीच कळत होता. आणि त्या कीवेची मजल पोहोचली कुठवर, तर अंगावर कापड घालण्यापर्यंत.

असाच आणखी एक प्रसंग, इ. स. पू. ५५ चा. वसंतात फ्लोरा देवीचे खेळ होत, त्यांत प्रेक्षकांनी ओरडा केला की नट्यांनी कपडे उतरवायचे अशी रीत होती. त्या वर्षी केटो हा कडक शिस्तीचा नेता प्रेक्षागृहात होता. त्याच्यासमोर ओरडायची लोकांना लाज वाटली. मित्रानं हे कानात सांगितलं, तेव्हा केटो उठून बाहेर गेला, रंगाचा बेरंग नको म्हणून. लोकांनी त्याच्या सभ्यपणाबद्दल टाळ्या वाजवल्या आणि मग नट्यांकडे वळले. ही गोष्ट रोमन लोक केटोच्या चारित्र्याचा दाखला म्हणून सांगत. सभ्य पुरुषाचं काम काय, तर उठून जाणं. त्या नट्यांच्या पोटी जन्मलेल्या मुलींना पुढे, चौथ्या शतकात, कायद्यानंच रंगमंचाला बांधून टाकलं. आईचा धंदा मुलीला सोडता येईना, सुटायचं तर नव्या धर्माचा दाखला हवा. देवदासींच्या मुलींच्या शाळाप्रवेशासाठी खेटे घातलेल्या मैत्रिणींना ही गोष्ट परकी वाटणार नाही.

आता जे लिहायचं म्हणून हा विषय मी सोडला नाही, ते लिहिते.

रिंगणात दुपारी, सकाळची जनावरं आणि संध्याकाळच्या झुंजी यांच्या मधल्या वेळात, शिक्षा झालेल्यांना मारत. त्यांना ढाल नसे, शिरस्त्राण नसे. सेनेका हा तत्त्वज्ञ एकदा विरंगुळा म्हणून दुपारी गेला आणि हे बघून आला. त्यानं मित्राला पत्रात लिहिलं, की गर्दीतून परतताना मी जास्त क्रूर होऊन आलो. लोकांचं म्हणणं तो नोंदवतो, की मरणारा दरोडेखोर होता, त्यानं खून केला होता. सेनेकाचं उत्तर असं, की त्यानं खून केला म्हणून त्याला हे भोगावं लागलं. पण तू काय केलंस, म्हणून तुला हे बघत बसावं लागतं आहे?

मागे आमच्या वस्तीत एका लहान मुलीवर अत्याचार झाला. त्या रात्रीच्या बैठकीत एक ताई उभी राहिली आणि म्हणाली, त्याला भर चौकात आमच्यासमोर लटकवा. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. फाशीच्या शिक्षेविरुद्धच्या निवेदनांवर माझी सही आहे, तरी वाजवल्या. २०१९ च्या डिसेंबरात हैदराबादजवळ चार आरोपींना पोलिसांनी गोळ्या घातल्या, लोकांनी पोलिसांवर फुलं उधळली, तेव्हा मी कार्यालयात सगळ्यांना समजावत होते, की हा न्याय नव्हे. पण आपल्या वस्तीतली, आपल्या बालवाडीत येणारी पोर असली, की समजावणारीलाच वरच्या बाकावर जाऊन बसावंसं वाटतं. त्या मुलीच्या आईनं त्या बैठकीत एकच वाक्य विचारलं होतं, जे टाळ्यांमुळे दोनदा विचारावं लागलं, की उद्या सकाळी दवाखान्यात माझ्याबरोबर कोण येणार. टाळ्या वाजवणाऱ्या चाळीस जणींपैकी दोघी गेल्या. त्या दोघींत मी नव्हते, मला दुसऱ्या गावी प्रशिक्षण होतं.

राहता राहिलं पोस्टर. ते शिल्प हॅलिकार्नासस या शहरात सापडलं, म्हणजे आजचं तुर्कस्तानातलं बोद्रुम. आता ते लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातलं. दोघींच्या पायांखाली नावं कोरलेली आहेत, ॲमेझॉन आणि अखिलिया. ग्रीक पुराणात अखिलीस हा वीर ॲमेझॉन बायकांच्या राणीला युद्धात मारतो. तेच नाटक इथं दोन बायकांना करायला लावलं होतं, एकीला अखिलीसचं नाव देऊन. पुराणाप्रमाणे एक मरायला हवी होती. पण दगडावर वर एक शब्द कोरला आहे, त्याचा अर्थ ‘दोघींना सोडण्यात आलं’. कोणी हरलं नाही, दोघी उभ्या राहिल्या.

मुलींनी पोस्टर केलं आहे. ‘रणरागिणी’ हा शब्द काढायचा की ठेवायचा यावर दोन तास भांडण झालं आणि शेवटी तो त्यांनी काढला, मी नव्हे. त्याजागी काय लिहायचं हे ठरेना, तेव्हा सातवीतली एक मुलगी म्हणाली, त्यांची नावं लिहू. मी सांगितलं, की ॲमेझॉन आणि अखिलिया ही त्यांची खरी नावं नव्हेत, खेळ भरवणाऱ्यांनी दिलेली आहेत. ती जरा वेळ चित्राकडे बघत बसली आणि मग तिनं दोघींच्या खाली पेन्सिलीनं दोन रेघा ओढल्या, कोऱ्या.

८ मार्चला पोस्टर तसंच लागेल.